कानामागचा ठिपका

३ फेब्रुवारी, मंगळवार

पापण्या म्हशीसारख्या हव्यात म्हणे! धामणगावची बाई होती. मोबाईलमध्ये फोटो आणला होता — कोणा नटीचा नाही, गोठ्यातल्या म्हशीचा. "अशा लंब्या." हसू आलं, पण दाबलं. खरं सांगायचं तर म्हशीच्या पापण्या सुरेखच असतात! तिला म्हटलं, तुमचा स्वतःचा केस जेवढं वजन पेलेल तेवढीच लांबी मिळेल. जास्त लावली तर ओझ्यानं मूळचीही गळते. तोंड वाकडं केलं, पण ऐकलं.

दोन तास लागले. डोळे मिटलेले, खालच्या पापण्या पट्टीखाली दाबलेल्या, आणि वरच्या एकेका केसावर एकेक खोटी पापणी चिकटवायची. ग्लू कातडीला लागता कामा नये. मान मोडली माझी.

जिन्यात घरमालक खुशालराव. त्यांचा रोजचा प्रश्न — "आज कितीजणींचे डोये चिकटवले व?"

५ फेब्रुवारी

दर्यापूरहून फोन. मनकर्णाबाई नावाच्या कोणी. भाचीचं, आकांक्षाचं, लग्न बारा तारखेला. अकराला मी घरी येऊन पापण्या लावायच्या. म्हटलं, येते, पण त्याआधी नवरीला एकदा माझ्या दुकानात, राजापेठेत पाठवा. कानामागे ग्लूचा ठिपका लावीन. दोन दिवसांत लाल झालं नाही, खाजलं नाही, तरच पुढचं. "एवढ्याशासाठी अमरावती?" एवढ्याशासाठीच!

ठिपक्याशिवाय पापणी नाही — भिंतीवर पाटीच लावली आहे. लोकांना वाटतं, बाई फार शिस्तीची. अकोल्याचं इथे कोणाला ठाऊक आहे?

दोन वर्षांपूर्वी तिथे दुकान होतं माझं. श्रावणी नावाची नवरी आली. ठिपक्याला वेळ नव्हता. मी म्हटलं, चालतंय, काही होत नाही. लग्नाच्या सकाळी तिचे डोळे सुजून उघडेनात. अख्खं लग्न काळ्या चष्म्यात लागलं. तिच्या वडिलांचा फोन आला तेव्हा मी एक वाक्य बोलले. ते इथेसुद्धा लिहवत नाही. आठ दिवसांत गाशा गुंडाळून अमरावतीला आले.

८ फेब्रुवारी, रविवार

नवरी येऊन गेली. डोक्यापासून नाकापर्यंत स्कार्फ, वर गॉगल — आपल्याकडच्या पोरी गाडीवर बसताना गुंडाळतात तसा. "डोळे तर पाहू दे." "त्या दिवशीच पाहजा न ताई, जीप निघून जाईन!" स्कार्फ बाजूला करून एक कान तेवढा पुढे केला. तीन ठिकाणी टोचलेला, तिन्हीत चांदीचे बारीक मणी. ठिपका लावला. पळाली.

१० फेब्रुवारी

मनकर्णाबाईंचा फोन आला. ठिपक्याचं काही नाही. लाल नाही, खाज नाही. चला, उद्या दर्यापूर.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

दारात मांडव, घरात बायकाच बायका. आकांक्षाला दिवाणावर आडवं केलं. सवयीनं तिचे केस कानामागे सारले, आणि चिमटा हातात तसाच राहिला. कानाला एकच भोक.

"हा तो कान नाही!"

तोंडातून निघूनच गेलं. मग दारातली एक मुलगी हळूच ओढणी कानावर ओढायला लागली. नवरीची धाकटी बहीण. तीन मणी!

मनकर्णाबाईंना — त्या नवरीच्या आत्या — यात काही चुकलं असं वाटतच नव्हतं. उलट कौतुक होतं स्वतःच्या युक्तीचं. त्यांच्यात पाच दिवस आधी हळद लागते. "हळद लागलेली पोरगी वेशीबाहेर कशी धाडू मी? अन् दोघी एकाच मायच्या. रक्त एकच. तिले काई झालं नाही, मंग इले काहून होईन?"

म्हटलं, एका आईच्या दोघी असल्या तरी अंग आपापलं असतं. मी लावणार नाही.

आकांक्षा उठून बसली. रडली नाही, तेच जास्त लागलं. तिच्या पापण्या विरळ, भुरक्या — नसल्यासारख्याच. "ताई, लहानपणापासून मले सारे बोडक्या डोयाची म्हणतेत. एक दिवस तं चांगली दिसू द्या न."

खोटं कशाला लिहू — लावून टाकावं असं मनात आलं. बहुतेकींना काहीच होत नाही. ग्लूची बाटली हलवलीसुद्धा मी! मग तो काळा चष्मा आठवला. बाटली पिशवीत टाकली आणि सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाले. अकोल्यात मी असंच लावलं, श्रावणी नावाच्या पोरीचे डोळे सुजले, चूक माझी होती. अकोल्याची एक पाहुणी तेवढी म्हणाली, "कोणती श्रावणी? जठारपेठेतली?" हो म्हटलं. फोनवरचं ते वाक्य मात्र तिथेही गिळलं.

आकांक्षाच्या होत्या त्याच पापण्या वळवल्या, मस्कारा लावला, वाळू दिला, परत लावला. तासभर खपले. तिने आरसा बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाली, "बरी दिसून राहिली." उद्या सकाळी कसं लावायचं ते धाकटीला शिकवलं. मनकर्णाबाई म्हणतात, "मंग हेच पयले काहून नाही केलं?"

निघताना आकांक्षाच्या कानामागे ठिपका लावला. माहेरपणाला आली की लावू, आता खऱ्या कानावर लावलाय म्हटलं. पहिल्यांदा हसली.

१४ फेब्रुवारी

आकांक्षाचा निरोप. कानामागे काही झालं नाही. काहीच नाही!

म्हणजे त्या दिवशी लावल्या असत्या तरी चालल्या असत्या. म्हणजे दर्यापूरच्या भर मांडवात मी माझी अब्रू उगाचच काढली. तिची कानकोंडी बहीण आठवून हसूही आलं. पण ते थोडंच.

१६ फेब्रुवारी

दोघींनी येणं रद्द केलं. तिसरीनं सरळच विचारलं, "अकोल्याची ती तूच का?" हो म्हटलं. तिनं फोन ठेवला.

खुशालरावांनाही कळलं. आज डोये चिकटवण्याचं नाही विचारलं. म्हणाले, "खरं बोलाले तुले कोन सांगतलं होतं व?" आणि घरातून वाटीभर ठेचा आणून दिला. भाकरी मीच केली. खाताना डोळ्यांत पाणी आलं, ते ठेच्याचं असं म्हणू या.

१७ फेब्रुवारी

कोणी नाही. चिमटे उकळले. उशांचे अभ्रे धुतले. पाटी उतरवावी का, असा विचार केला. राहू दिली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

श्रावणीचा फोन आला. दर्यापूरच्या मांडवातल्या त्या पाहुणीनं नंबर दिला. ती म्हणाली, "मी भांडाले फोन नाही केला, ताई."

दोन वर्षं तिला सासरी ऐकवतात — डोयाचा रोग लपवून पोरगी आमच्या गयात बांधली. लेकरू झालं तर त्याचेही डोळे आधी डॉक्टरला दाखवले. तिनं ग्लूचं सांगितलं, वडिलांनी सांगितलं, कोणी मानलं नाही. कारण वडिलांनी त्या सकाळी मला फोन लावला तो स्पीकरवर होता. सासू, सासरे, नवरा, सगळे उभे होते. सगळ्यांनी ऐकलं.

"तुमच्या पोरीच्या डोळ्यांतच आधीपासून काहीतरी असेल."

हेच ते वाक्य. लिहिलं.

तिनं एवढंच विचारलं, "मह्या सासूसमोर येऊन एकदा सांगता का?"

उद्या दुकान बंद. सकाळच्या गाडीनं अकोला. कामाची पिशवी नेत नाही.