खिळ्यांचे बूट

जवाहरनगर,
रविवार, २० ऑगस्ट १९७८

चि. सुखराम यास अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, पोरांच्या शाळा सुरू आहेत, पाऊस बरा आहे. लिहायची पद्धत असते तेवढं लिहून झालं. आता ऐक.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. त्यात काल नत्थू बपेऱ्याहून थेट क्वार्टरवर हजर. चहा घेता घेता म्हणतो, "सेवकरामभाऊ, गावात तुमचंच नाव होऊन राह्यलं. पोळ्याले तोरणाखाली तुमचा सत्कार ठेवला. शाल-नारळ देणार हायेत." मी कप असा आदळला की बशीचे दोन तुकडे झाले. नत्थूला वाटलं, मला संकोच झाला.

काय सांगितलंस तू गावाला? नागद्वारीच्या शिडीवर वरून दगड आला, सुखरामचा हात चिरडला, आणि दादाने एका हाताने शिडी, दुसऱ्या हाताने भाऊ धरला? असं रचून सांगायला तुला कोणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं?

मुळात मला नेलंसच कायले? सात वर्षांपासून नागपंचमीला गावची माणसं घेऊन नागद्वारीच्या यात्रेला जातोस, तुझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही, मग मला कशाला ओढलंस? "एकदा चाल ना दादा, पहाड पाह्यशील तं फॅक्टरी विसरशील." पाहिला पहाड. सुंदर होता, नाही कोण म्हणतो? दरीतून ढग वर येत होते, समोरच्या कड्यावरून चार-पाच धारा पडत होत्या, आणि तू वाटेत थांबून आंब्याचं झाड कोणतं, साजाचं कोणतं ते मला लहान पोरासारखं दाखवत होतास. दोन दिवस मी सुखात चाललो, हेही लिहून टाकतो.

मग ती शिडी आली. कड्याला ठोकलेली, ओली, बाजूला साखळी. तू सगळ्यांना चपला काढून कमरेला बांधायला लावल्यास. मला म्हणालास, "दादा, बूट काढ. लोखंडावर उघडा पाय बसते, बूट घसरते."

मी म्हणालो, "मले नको शिकवू."

चारचौघांत म्हणालो. कामठीच्या बाजारातून खास यात्रेसाठी घेतलेले मिलिटरीचे बूट होते ते, तळाला खिळे, टाचेला खिळे आणि नाल. असले बूट घातले तर आमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कोणी दारातून आतही सोडत नाही, ठिणगी पडेल म्हणून. दहा-बारा वर्षं तो नियम मुकाट पाळणारा मी, धाकट्या भावाचं एक ऐकलं नाही. आपल्यासोबतची आनंदाबाई, साठीची बाई, लुगडं खोचून अनवाणी भराभर वर गेली. मला वाटलं, मीही जाईन.

नवख्याच्या मागून जाणत्याने चढायचं आणि हाताने त्याचे पाय पायरीवर ठेवून द्यायचे, ही तुमची रीत. म्हणून तू माझ्या खाली होतास. अर्ध्यावर माझा पाय सटकला आणि मी खाली पाहिलं. त्यानंतर मला काही सुधरेना. ना वर, ना खाली. तू डाव्या हाताने माझा घोटा धरलास, उजवा पायरीवर. "उजवा पाय उचल दादा. मी आहो ना मांगं."

"सोड माहा पाय!" मी ओरडलो. तू सोडला नाहीस.

इथवर लिहून मी उठलो होतो. अंगणात दोन फेऱ्या मारून आलो.

माझ्या पुढे चढणाऱ्या नत्थूला धुक्यात काही दिसलं नाही, बरं झालं, असं मी दहा दिवस मनात म्हणत होतो. पाय घसरला आणि टाच चुकून पायरीवरच्या तुझ्या बोटांवर पडली, असंही म्हणत होतो. सुखराम, टाच पडली नाही. मी मारली. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा भीतीने. दुसऱ्यांदा रागाने, तू घोटा सोडत नव्हतास म्हणून. आणि तरी तू सोडला नाहीस. सोडला असतास तर मी आज पत्र लिहायला नसतो.

त्याच फुटलेल्या हाताने तू मला एकेक पायरी वर चढवलंस. वर पोचल्यावर हाताला पंचा गुंडाळलास आणि म्हणालास, "दगड आला वरून." मी मान हलवली. ती मान हलवणारा मी, आता शाल घेऊ?

आणि तुझं पत्र! दोन बोटं आता वळणार नाहीत, असं तुमसरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे तू असं लिहितोस की जणू पाऊस एक दिवस उशिरा आला. कापणीला विळा कशाने धरशील? माझ्यावर एक अक्षर रागाचं नाही. ओरड ना एकदा! धाकटा आहेस म्हणून जन्मभर पोटातच घालणार का सगळं?

पत्र कुंताच्या अक्षरात आहे, तू सांगितलंस तसंच तिने लिहिलं आहे. पण बायको आहे ती तुझी, जखम तीच धुते. खिळ्यांची भोकं आणि दगडाचा मार तिला वेगळे कळत नाहीत, असं तुला वाटतं? तुझा मजकूर संपल्यावर खाली वेगळ्या शाईने तिची एक ओळ आहे. तुला दाखवली नसेल. "येताना ते बूट घेऊन या." पुढे ना नमस्कार, ना काही.

तिला सांग, आणतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी पोचतो. तोरणाखाली आपली बैलजोडी मी धरीन, आणि शाल द्यायला येतील तेव्हा बूट पुढे ठेवून, काय झालं ते माझ्या तोंडाने सांगेन. तू मध्ये पडायचं नाहीस. पडलास तर तुझं-माझं बोलणं संपलं. कापणीला महिनाभराची रजा टाकली आहे, त्यावरही वाद नको.

उत्तर कुंताकडून लिहवून घेऊ नकोस. डाव्या हाताने लिही, वेडंवाकडं का होईना. आणि त्यात मला निदान एक शिवी असू दे.

तुझा हात तुडवणारा,
तुझाच दादा,
सेवकराम