लाल बटणाचं सॉकेट

प्लेनो, ऑगस्ट २००६, शनिवार

आज खोटं बोललो. तेही कोणाशी, तर इलेक्ट्रिशियनशी. का? लाज वाटली म्हणून.

घरामागच्या पॅटिओतला फॅन बसवायला आला होता. पूलजवळचं सॉकेट बघून थबकलाच. "पाण्याजवळ लाल बटणवालं लागतं. करंट लीक झाला की ते आपोआप बंद होतं. हे साधं कोणी बसवलं?"

"आधीच्या मालकांनी," मी म्हटलं.

मीच बसवलं होतं. गेल्या गणपतीत या सॉकेटवर लावलेली पूलभोवतीची दिव्यांची माळ ऐन आरतीत सारखी विझायची. पाहुणे हसायचे. लाल बटण दाबून दाबून वैतागलो आणि दुसऱ्या दिवशी ते सॉकेटच बदलून टाकलं. इंजिनिअर ना मी!

आज त्याने अजून तिथेच असलेली ती माळही तपासली. एका ठिकाणी वायर सोललेली. म्हणजे ते लाल बटण बिघडलेलं नव्हतंच. आणि माझी इरा ती माळ लागलेली असताना रोज पूलमध्ये पोहत होती.

जेवताना बायकोला, मेधाला, खरं सांगणार होतो. तोंडातून पुन्हा तेच निघालं, आधीचे मालक.

इराने ताटातून मान वर केली. "नो बाबा, यू डिड इट. आय हेल्ड द फ्लॅशलाइट फॉर यू."