सातवं घर

३ मार्च १९७४, रविवार

बिशपांचं पत्र आलं. मिसाची प्रार्थना संपल्यावर फादर क्विन्लननी वाचून दाखवलं – मान खाली, घाईघाईत, जणू गुन्हा त्यांचाच. महिन्यातून एकदा डोंगर चढून येणारा भला आयरिश माणूस, त्याला काय बोलणार! खाण बंद होऊन अठरा वर्षं झाली. आपली पोर्तुगीज माणसं खाली दरीत डेअऱ्यांवर गेली. ईस्टरपर्यंत सात घरं मुकुट घ्यायला तयार झाली तर चर्च चालू राहील. नाहीतर कुलूप.

ईस्टर ते पेंटेकोस्ट सात आठवडे, दर आठवड्याला पवित्र आत्म्याचा मुकुट एकेका घरी मुक्कामाला. एके काळी तीस घरांतून सात चिठ्ठ्या काढायचो, आणि ज्यांची निघाली नाही त्या बायका रडायच्या!

तिओ आव्हेलिनो – सगळ्या गावाचा काका, अर्धं फुप्फुस खाणीत ठेवून आलेला – पायरीवर बसून बोटं मोजायला लागला. सहा झाली. "माझ्या घराचे दोन भाग धरा," म्हणे. "एकात मी, दुसऱ्यात माझा खोकला."

हसले सगळे. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. सातवं घर माझ्या बहिणीचं, एर्मिनियाचं. तिने बावीस वर्षांत चर्चची पायरी चढलेली नाही.

५ मार्च

चर्च झाडलं. मागच्या भिंतीवरचे खिळे पुसले. अठ्ठावीस आहेत. पहाटेच्या मिसाला माणसं कामावर जाता जाता यायची आणि आपापला खाणीतला दिवा आपापल्या खिळ्यावर टांगायची. बाबांचा डावीकडून चौथा. आम्ही दोघी बहिणी मान वळवून तो आहे का बघायचो आणि आईचा चिमटा खायचो.

आजोबांच्या पिढीने हे चर्च बांधलं ते खाणीतली पाळी संपल्यावर, अंगावरची धूळ न झटकता. सुतारकाम कुणाला येत होतं? खाणीत छत पेलायला जसे खांब ठोकतात तसेच इथे ठोकले! बाबा म्हातारपणीसुद्धा आत आले की खांबाला हातोडीच्या दांड्याने टक् टक् करायचे, कान लावायचे आणि मगच क्रुसाची खूण करायचे. फादर वैतागायचे. "देवावर विश्वास आहे, लाकडावर नाही," बाबा म्हणायचे.

किती बरं वाटायचं तेव्हा. सगळं किती भरलेलं होतं!

१० मार्च

गेले एर्मिनियाकडे. रविवारची आमची कॉफी असतेच. माझा गोड पाव घेऊन गेले. "पुन्हा अंडं कमी घातलंस," म्हणाली. तीन तुकडे खाल्ले.

मग विषय काढला. तिचा हात कपावरच थांबला.

"देओलिंदा, तू मला हे विचारायला नको होतंस."

"चर्च बंद होईल गं."

"होऊ दे. मी गुडघे फुटेपर्यंत मागितलं होतं – या वर्षी मुकुट माझ्या घरी येऊ दे, माझं लेकरू आजारी आहे. सात चिठ्ठ्या निघाल्या. त्यांत एकही माझी नाही. ज्या देवाला माझं घर दिसलं नाही, त्याचा मुकुट आता मी कशाला मिरवू?"

तिनेच माझ्या कपात आणखी कॉफी ओतली. वर म्हणाली, "तुझ्यावर राग नाही हं. तू एकटीच तर राहिलीस मला."

११ मार्च

झोप नाही. काही लिहवत नाही.

१९ मार्च, संत जोसेफ

तिओ आव्हेलिनो कुंपणापाशी आला. "काय म्हणते?" "नाही म्हणते." "अगं, तुझं ऐकेल ती. तुझ्यावर जीव आहे तिचा."

तोच तर फास आहे.

२४ मार्च

आज लिहितेच. कागदाला तरी कळू दे.

१९५२. ईस्टरचा दिवस. टोपलीतून चिठ्ठ्या निघत होत्या आणि मी वाचत होते, कारण माझं वाचन स्पष्ट. सातवी चिठ्ठी उलगडली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं – एर्मिनिया. समोर पहिल्या बाकावर माझा नवरा जानुआरियो खोकत होता, रुमाल लाल. मला वाटलं, मुकुट एक आठवडा घरात राहिला तर हा वाचेल. मी चिठ्ठी मुठीत मिटली आणि मोठ्याने वाचलं, "जानुआरियो दुत्रा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एर्मिनिया आपल्या आजारी तोमेला कडेवर घेऊन उभी होती. तिनेही वाजवल्या.

जानुआरियो अकरा वर्षं जगला. तोमे मे महिन्यात गेला. दहा महिन्यांचा होता.

पुढच्या वर्षी कबुलीच्या पेटीत सांगितलं. तेव्हाचे फादर म्हणाले, दहा वेळा नमो मरिया म्हण. दहा! म्हटल्या. देवाशी मिटलं म्हणतात. पण फसवलं होतं ते बहिणीला.

३१ मार्च

आठच दिवसांपूर्वीचं पान परत वाचलं. फाडणार होते. फाडलं नाही.

सांगितलं नाही तर चर्च जातं. सांगितलं तर बहीण जाते. आणि सांगूनही तिने नाहीच म्हटलं, तर दोन्ही! चांगली अडकले. केलं तसं भरतेय.

पण खरं तर चर्चसाठी नाही. ती बावीस वर्षं देवाच्या नावाने जे दुःख उगाळतेय ते मी दिलेलं आहे. ते तिला कळायला हवं.

७ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

सांगितलं. कॉफी व्हायच्या आधीच, उभ्या उभ्या. सगळं.

ती बराच वेळ टेबलावरचे चुरे गोळा करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे निघाली होती."

"हो."

"माझी चिठ्ठी निघाली होती. देवाने ऐकलं होतं माझं."

"हो, एर्मिनिया."

तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता मिठी मारणार. वेडीसारखे मी हात पुढे केले. तिने मागे सरून दार उघडलं.

"जा आता."

१० एप्रिल

तिच्या खिडकीचा पडदा तीन दिवस ओढलेला.

१२ एप्रिल

पाव केला. चार अंडी जास्त घातली. पायरीवर ठेवून आले. संध्याकाळी तिथेच होता.

१४ एप्रिल, ईस्टर

सकाळीच तिओ आव्हेलिनो आला. टोपी हातात. एर्मिनिया काल फादरांकडे जाऊन नाव देऊन आली. सात झाली. चर्च राहिलं! पहिल्याच आठवड्यात मुकुट तिच्या घरी. "एकच अट आहे तिची," म्हणाला, आणि पुढे त्याला बोलवेना. मीच म्हटलं – "ती चर्चमध्ये असेल तेव्हा मी तिथे नसायचं. हो ना?" त्याने मान हलवली. मी हो म्हटलं.

आता मिसा चालू आहे. स्वयंपाकघराची खिडकी उघडून बसले आहे. एर्मिनिया गातेय.