नवा घ्यावा की जुनाच चालवावा

८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

कसा आहेस? वहिनीची सर्दी गेली का? आम्ही सगळे मजेत. लेकीची परीक्षा तोंडावर आलीय, त्यामुळे घरात तिच्याशिवाय कोणी आवाज चढवायचा नाही, असा तिचाच हुकूम आहे.

कागदावरचं पत्र बघून हसशील. पण मेसेज टाकला असता तर तू लगेच फोन केला असतास, आणि फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. शिवाय लॅपटॉपवर टाइप करायची सोय उरलेली नाही. तेच सांगायला बसलेय.

गेले कित्येक रविवार मी आपल्या इंटरनेटवरच्या बोटीच्या खेळाला आले नाही. कधी पाहुणे, कधी डोकं दुखतंय, कधी लेकीचा अभ्यास. तू एकदाही कुरकुर केली नाहीस. पण सकाळी दहाला तू तिकडे कानाला हेडफोन लावून, सुकाणू धरून एकटाच बसलेला असशील, हे मला इथे भाजी निवडताना दिसत असतं. बाबा गेल्यापासून आपला एकही रविवार चुकला नव्हता. तू बोट हाकायची, मी बुडणाऱ्यांकडे दोर फेकायचा, आणि तासभर "डावीकडे! खडक!" यापलीकडे एक अक्षर बोलायचं नाही. तरी माझा आठवडा त्यावर निघायचा.

तर मुद्दा असा की लॅपटॉप म्हातारा झाला. खेळ सुरू केला की पंखा मिक्सरसारखा घरघरतो. लेक म्हणते, "आई, हा लॅपटॉप नाही, इस्त्री आहे. कपडे आण." मागच्या वेळी मी दोर फेकला तो सगळे बुडाल्यावर फेकला गेला. तू म्हणालास, "झोपलीस का गं?" मी म्हटलं, लॅपटॉप अडकतोय. अडकतोच तो.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला विचारून आले. तो म्हणतो, रॅम वाढवा, जुनी डिस्क काढून एसएसडी टाका, बराच फरक पडेल. मग म्हणतो, पण ग्राफिक्सचं काही करता येणार नाही, ते आतल्या बोर्डालाच पक्कं जोडलेलं असतं. खेळासाठीच हवा असेल तर नवा घ्या. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. "उघडून बघू का?" म्हणाला. मी म्हटलं, नको, परत येईन.

लेकीचं मत नवा घ्यावा. पण नवा घेऊन मी तरी किती वर्षं खेळणार? म्हणजे वय झालं आता, एवढंच म्हणायचंय मला. कवळ्या बनवणारी बाई स्वतःच कवळीच्या वयाला आली की तिने बोटी हाकू नयेत.

तू सांग काय करू. तुला यातलं कळतं. घाई नाही.

वहिनीला माझी आठवण सांग.

तुझी
धाकटी


१९ फेब्रुवारी

धाकटे,

लॅपटॉपचं उत्तर शेवटी देतो.

तुझं पत्र आलं तेव्हा मी कामावर होतो. वहिनीने आधी वाचलं. मी घरी आल्यावर तिने ते माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "ही एवढं मोठं अक्षर कधीपासून काढायला लागली?"

मी बघितलं आणि जेवायचं विसरलो. प्रत्येक अक्षर पहिलीतल्या मुलीने पाटीवर गिरवावं तसं. तुझं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं, आई त्यावरून ओरडायची तुला.

तुला ठाऊक आहे, बाबा आजारी पडले तेव्हा मी इथे पुलाच्या कामावर होतो. तू घरात राहून बघत होतीस. मला मात्र त्यांचा कंपवात पत्रांतून कळला. प्रत्येक पत्रात अक्षर आधीपेक्षा बारीक. शेवटची दोन मी भिंग घेऊन वाचली. तेव्हा बारीक अक्षराची भीती काय असते, ते मला शिकवू नकोस. तू घाबरलीयस, म्हणून मुद्दाम मोठं लिहिलंस. खरं ना?

आणि मी इतके रविवार काय समजत होतो सांगू? की तू माझ्यावर रागावलीस. बाबांच्या वेळी मी आलो नाही म्हणून.

मी फोन उचलला होता. वहिनीने हात धरला. म्हणाली, "तिने कागद निवडलाय. तूही कागदावरच विचार." म्हणून विचारतो. काय होतंय तुला? कुठला हात?

लॅपटॉपचं उत्तर : उघडून घे. पण त्याआधी स्वतःला डॉक्टरला दाखव. लेकीला बरोबर ने, एकटी जाऊ नकोस.

दादा


४ मार्च

प्रिय दादा,

आधी निकाल सांगते, हकीकत मागाहून : मला बाबांचा आजार नाही.

आता पाणी पी, वहिनीलाही सांग आणि मग पुढे वाच. अक्षर माझं नेहमीचं आहे. दिसत नसेल तर चष्मा लाव.

तुझं पत्र वाचून आधी मला रागच आला. एवढी मेहनत करून मोठं अक्षर काढलं, आणि वहिनीने एका नजरेत पकडलं! मग खूप रडले. लेक अभ्यासाचं पुस्तक हातात घेऊन दारात उभी राहिली. मग तिला सगळं सांगितलं. तुलाही सांगते.

सुरुवात आमच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये झाली. मेणाचा दात कोरताना उजव्या हाताची बोटं बधिर व्हायची. अंगठा आणि शेजारची दोन. आधी वाटलं थंडी असेल. मग एक दिवस पूर्ण झालेली कवळी हातातून सुटली आणि फरशीवर पडून तिचे दोन तुकडे झाले. इतकी वर्षं त्या टेबलाशी बसतेय, माझ्या हातून कवळी कधी पडली नव्हती. लॅबच्या मोठ्या बाईंनी नुसता झाडू आणून दिला. तो मी डाव्या हाताने घेतला, म्हणजे उजवा त्यांना दिसू नये.

त्यानंतर भित्यापाठी ब्रह्मराक्षस. कपबशी उचलली की ती वाजतेय का, ते ऐकायची. बाबांची वाजायची, आठवतं? नाही, तुला कसं आठवेल. शर्टाची बटणं लावताना आरशात स्वतःचे हात बघत बसायची. आणि मग आपला खेळ. दोर फेकायचं बटण मी वेळेवर दाबायची, दादा, शपथेवर सांगते, पण दोर जायचाच नाही. तू हसून "झोपलीस का" म्हणालास. वाटलं, डोकं सांगतंय आणि हात ऐकत नाही. बाबा अगदी याच शब्दांत सांगायचे.

म्हणूनच दुरुस्तीवाल्याला लॅपटॉप उघडू दिला नाही. त्याने बघून सगळं ठीक आहे म्हटलं असतं तर बिघाड कुणात उरला असता? लॅपटॉप आजारी होता तोवर मी बरी होते. आणि नवा घ्यायचा तर हातच राहणार नसतील तर कुणासाठी घ्यायचा? असा माझा हिशोब. कुणाला सांगायची सोय नव्हती, लेकीला तर नाहीच.

तर डॉक्टरकडे गेलो. लेक बरोबर होती. डॉक्टरीणबाई साठीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला चालायला लावलं, वळायला लावलं, कागदावर गोल गोल वेटोळं काढायला लावलं, बोटं एकमेकांवर टकटक आपटायला लावली. मी बाबांबद्दल सांगितलं. त्या "हं" म्हणाल्या आणि मनगटावर तारा लावून बारीक झटके देत मशीनकडे बघत बसल्या.

मग विचारलं, "काम काय करता?"

"कवळ्या बनवते."

"दिवसभर मनगट असं वाकवून?"

"हो."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

मी म्हटलं, "बोट."

"कुठलं बोट?" म्हणत त्यांनी माझा अंगठा धरला.

लेकीला हसू आवरेना. तिने त्यांना आपला खेळ समजावून सांगितला, तू सुकाणूवर असतोस हेसुद्धा. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मनगटातून हाताकडे जाणारी नस दबलीय. हाताने बारीक काम करणाऱ्या पुष्कळ जणांना होतं. झोपताना पट्टा बांधा, मध्येमध्ये हात सोडून बसा, मी देते ते व्यायाम करा. नाहीच उतरलं तर छोटं ऑपरेशन."

"आणि वडिलांचं?" मी विचारलं.

"त्याची एकही खूण मला दिसत नाही."

लेक म्हणाली, "परत सांगा."

बाईंनी परत सांगितलं. लेक म्हणाली, "अजून एकदा सांगा ना." तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. तिसऱ्यांदाही सांगितलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुढचं आयुष्यभराचं मी कुणालाच लिहून देत नाही. माझं मलाही सांगता येत नाही." ते मला आवडलं. खोटा दिलासा दिला असता तर घरी येऊन पुन्हा कपबशी वाजवून बघितली असती. दादा, इतक्या दिवसांनी जीव भांड्यात पडला. बाहेर आल्यावर आम्ही दोघी फुटपाथवर उभ्या राहून उगाच हसत होतो. एक बाई आमच्याकडे बघत बघत खांबाला धडकली, तिची माफी मागून पुन्हा हसलो.

आणि तशाच दुरुस्तीवाल्याकडे गेलो. मी लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, "उघडा."

त्याने खालचं झाकण काढलं आणि मागे सरकला. आत बॅटरी उशीसारखी फुगलेली! "ताई, हे घेऊन मांडीवर बसत होता?" म्हणाला. बॅटरीने खालून कीबोर्ड उचलून धरला होता. उजवीकडची बटणं अर्धी दबायची आणि अर्ध्या वेळा लागायचीच नाहीत. त्याने ती एकेक दाबून दाखवली. त्यात माझं दोर फेकायचं बटण होतं.

मी ओरडले, "म्हणजे ते माझं बोट नव्हतं?"

तो बिचारा घाबरला. "बोट कशाला ताई, बॅटरी आहे ती."

तेव्हा ऐक, त्या दिवशी तुझी सगळी माणसं बुडाली ती माझ्या हाताने नाही. लॅबमधली कवळी मात्र माझ्याच हाताने पडली, ती नसेमुळे. दोन वेगळ्या गोष्टी होत्या, मी घाबरून त्यांची एकच मोळी बांधली.

आता लॅपटॉपचं. दुरुस्तीवाला म्हणाला, बॅटरी बदलू, पंखा साफ करू, एसएसडी टाकू, दोन वर्षं सहज ढकलाल. तुम्हाला म्हणून सांगतो, तेवढं पुरे आहे. महिन्यापूर्वी मी त्याच्या पाया पडले असते. दोन वर्षं म्हणजे तेव्हा मला चैन वाटली असती. पण तो दोन वर्षं म्हणाला आणि मला ती कमी वाटली! मनात आलं, आणि त्यानंतर काय? मला त्याच्यानंतरही खेळायचंय. म्हणून नवा घेतला. चांगला दणकट, ग्राफिक्सवाला, तू म्हणायचास ती वादळाची नवी मोहीम ज्यावर चालेल असा. जुन्यात नवी बॅटरी घालून तो लेकीला अभ्यासाला दिला. ती म्हणते, "छान, म्हणजे इस्त्री माझ्या वाट्याला." डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून वेगळा कीबोर्ड घेतलाय, मनगट सरळ राहील असा. अर्ध्या तासाने थांबायचं, हीही त्यांचीच अट. तेवढ्या वेळात तू बोट खडकापासून लांब ठेव म्हणजे झालं.

आता एक गोष्ट, जी मी तुला कधीच सांगितली नाही, कारण तू विचारलीच नाहीस. बाबांच्या वेळी तू नव्हतास याचा मला राग नव्हता. कधीच नव्हता. मी रोज त्यांना भरवायची, त्यांची मान पुसायची, आणि हळूहळू आधीचे बाबा मला आठवेनासे झाले. तेव्हा तुझे फोन यायचे. बाबा सायकलवरून कसे उतरायचे, हात सोडून शिट्टी कशी वाजवायचे, असलं काहीतरी तू बोलत राहायचास, आणि मला वाटायचं, एक जण तरी आहे ज्याच्याकडे ते धडधाकट आहेत. तू इथे असतास तर ते धडधाकट बाबाही गेले असते.

यावेळी मला खरी धास्ती वाटली ती त्याचीच. मला काही झालं असतं तर तू सगळं टाकून आला असतास, आणि तू बघत बसला असतास. मग मी धडधाकट कुणाकडे राहिले असते?

पण तसं काही झालेलं नाही. म्हणून आता मनापासून सांगते, ये. वहिनीला घेऊन ये. आजपर्यंत या घरात तू फक्त काही वाईट घडलं की आलास. एकदा काही झालेलं नाही म्हणून ये.

तुझी,
ठणठणीत
धाकटी