दिराला काही नाही: मेलिट्टा तेलवालीचे मृत्युपत्र

मी, ऑरेलिया मेलिट्टा, धावण्याचे गुरू दिवंगत एपागाथोस यांची विधवा, राहणार रोम, मार्सच्या मैदानावरील स्टेडियमच्या वळणाकडच्या कमानीतले तेलाचे दुकान, हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. पाय सुजले आहेत, डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मधातले अंजीर घेऊन येणाऱ्याचा प्रयत्न चालू आहे, त्याविषयी पुढे.

माझी दासी थाल्लूसा माझ्या मृत्यूच्या क्षणापासून स्वतंत्र व्हावी आणि तीच माझी एकमेव वारस. कमानीचा भाडेकरार, तेलाचे रांजण, तराजू, खाट, सगळे तिचे. ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर खोटे हसत नाही. माझ्याही तोंडावर कधी हसली नाही.

आता या जागेविषयी. ही वास्तू धावण्यासाठी, कुस्तीसाठी, थाळीफेकीसाठी बांधली. बांधणाऱ्या सम्राटाचे नाव राजसभेने छिन्नीने खरवडून काढले, कमानी मात्र कोणाला खरवडता आल्या नाहीत. बाहेर तिबूरचा दगड, आत विटा, वर पायऱ्यांचे दोन मजले, एक टोक घोड्याच्या नालेसारखे. रथ नाहीत, त्यांनी वळसा घालायची मधली भिंत नाही, श्वापदांचे पिंजरे नाहीत. म्हणूनच रोमच्या लोकांना ती कधी आवडली नाही. धावणारा शर्यत हरतो आणि घरी जेवायला जातो. एवढ्याने यांचे पोट भरत नाही. वीज पडून शहरातला ग्लॅडिएटरांचा मोठा आखाडा जळाला, त्यांचे जिवावरचे खेळ इथे आणले, आणि 'उघड्या ग्रीकांचा तमाशा' म्हणून नाक मुरडणारे हेच लोक पहाटेपासून पायऱ्या अडवू लागले.

वाळू पुरवण्याचे कंत्राट माझा दीर सोतेरिखोस याने मिळवले. पिंजऱ्यांना वाट करायला त्याने धावरेषेचा संगमरवरी दगड उखडला, पायाची बोटे रोवायच्या खाचांसकट, आणि आपल्या नव्या गुत्त्याला उंबरा म्हणून बसवला. यजमान मागायला गेले, मी बरोबर होते.

"तो दगड दे. दुसरा उंबरा मी करून देतो."

"दादा, दगडच तो. तुझ्याकडे वर्षाला चार पोरं त्यावर पाय ठेवायची, माझ्याकडे रोज शंभर ठेवतात. त्यालाच विचार, कुठं बरं वाटतं."

गुत्त्यातली माणसे हसली. यजमान खाली बसले आणि बोटाने खाचांतली माती काढू लागले.

"ऊठ दादा, गिऱ्हाइकं खोळंबलीत."

परतताना यजमान एवढेच म्हणाले, "लहानपणी तो माझ्याहून जोरात धावायचा, मेलिट्टा." त्या हिवाळ्यात ते गेले. थडग्यावर ठेवायला मी तो दगड पुन्हा मागितला. उत्तर आले, "वहिनी, मेलेल्याला कुठं धावायचंय?"

मी अंथरूण धरल्यापासून तोच दीर रोज येतो. अंजीर भरवतो. उशी सारखी करतो आणि तिच्याखाली काही आहे का तेही चाचपतो. "तुमच्या मागं हे सगळं बघणार कोण, वहिनी?" मी म्हणते, "बघू, भावजी."

त्यास मी अंग खरवडायची एक जुनी काशाची पट्टी देते. पैलवानांच्या अंगावरचा तेल-मळ तिने निघत असे. त्याच्या अंगावरचा निघेल, अशी हमी देत नाही.

मला यजमानांशेजारी ठेवावे. दिराने भाषण करू नये. शेजारच्या कमानीतल्या वेश्यांना अंत्ययात्रेत पुढे चालू द्यावे; यजमान गेले त्या दिवशी धंदा बंद ठेवला तो त्यांनीच.

कायद्याला सात साक्षीदार लागतात, आणि वारसाने साक्ष घालू नये. हे मला लेखकाने सांगितले, मी दिराला सांगितलेले नाही. काल विचारले, "भावजी, मोहर लावायला याल?"

"त्याहून मोठा मान कोणता, वहिनी?"

आत काय लिहिले आहे, हे त्याने विचारले नाही. लाजला असावा.

रोम, आखाड्याच्या आगीनंतर चौथे वर्ष, नोव्हेंबरचा चौथा दिवस.
ऑरेलिया मेलिट्टा हिची मोहर.

साक्षीदार: गवंडी वेत्तियस, वडेवाला कास्त्रिकियस, कुस्तीगुरू मेनोदोरस, न्हावी पेत्रोनियस, माळी अतिलियस, सुतार हेरेनियस, आणि सोतेरिखोस.

लेखकाची नोंद: शेवटचे साक्षीदार सर्वांच्या आधी आले. त्यांची मोहर सर्वांत खोल उमटली आहे.