राजगिरा, शेवई आणि केतकीची रायफल

१४ जून, शनिवार

केतकीने आज पाच महिन्यांनी रायफलचं कपाट उघडलं. आधी मला खोलीबाहेर काढलं. लायसन्स तिच्या नावावर, किल्ली तिच्याकडे, आणि ती कुठे ठेवते हे घरात दुसऱ्या कुणाला कळता कामा नये असा इथे इंग्लंडात नियम. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. तिच्या पाटल्या कुठल्या लॉकरमध्ये आहेत ते मला ठाऊक, ही किल्ली नाही.

काडतुसांच्या रिकाम्या पितळी केसेस तेवढ्या काढल्या आणि पुसत बसली. जानेवारीनंतर पहिल्यांदाच. चहा दारात ठेवून आलो.

१५ जून, रविवार

शेवटी बोलली. विषय तोच, जानेवारीतली ती हरणाची मादी.

के. गेले आठ हिवाळे मार्गारेटच्या शेतावर जाते, न्यूबरीच्या पुढे. मार्गारेटने नवीन झाडं लावलीत आणि हरणं ती कोवळी असतानाच फस्त करतात, म्हणून दरवर्षी काही माद्या कमी कराव्या लागतात. त्या दिवशी पहाटे कडक दंव होतं. गोळी लागली, पण मादी पडली नाही, रानात पळाली. शेजाऱ्याच्या कुत्र्याने दुपारी शोधून काढली तेव्हा जिवंत होती. के.ने तिथे जाऊन संपवलं. एवढं मला तेव्हाच कळलं होतं. घरी आल्यावर जेवली नव्हती.

आज सांगितलं ते नवीन. शिशाच्या गोळ्या सोडून ती तांब्याच्या वापरायला लागली ते गेल्याच वर्षी. तांब्याची गोळी पुरेशा वेगात लागली तरच आत उमलते, नाहीतर नुसती आरपार जाते आणि जनावर हाल होऊन मरतं. ती काडतुसं के.ने स्वतः भरलेली, गेल्या जुलैत, घामाच्या धारा लागल्या असताना. नेमबाजीच्या रेंजवर उन्हात तपासली आणि वापरली जानेवारीत. काडतुसातल्या काही पावडरी थंडीत ढेपाळतात, गोळीचा वेग पडतो. हे तिला माहीत होतं, लक्षात आलं नाही. हॉस्पिटलच्या फार्मसीत रोज औषधं किती तापमानात ठेवायची ते बघणारी बाई! तेच तिला जास्त लागलंय.

"पण मिलिंद, कशावरून पावडर? माझा हातही हलला असेल. हे कळल्याशिवाय मी परत जनावरावर रायफल धरणार नाही."

मार्गारेट नोव्हेंबरपर्यंत थांबते म्हणालीय. माद्यांचा सीझन तेव्हा उघडतो. त्यानंतर ती दुसरं कुणी बघेल. तिचंही बरोबर आहे.

५ जुलै, शनिवार

बंदुकांच्या दुकानात जाऊन आलो. के. काउंटरवर अर्धा तास उभी. मला वाटायचं पावडर म्हणजे पावडर, काळी दारू. इथे कपाटभर डबे, प्रत्येक पावडरीची जळायची चाल वेगळी.

घरी दोन आहेत आता. एक जुनी, जानेवारीतली. बारीक, गोल, गुळगुळीत दाणे. दुसरी नवी, बारीक काड्यांची. आमच्या लेकीने, ईशाने, बघितल्या बघितल्या नावं दिली. "हा राजगिरा आणि हा आजीचा शेवई, तुटलेला." पंधरा वर्षांची झाली, शेवई अजून पुल्लिंगीच. पण नावं चिकटली.

राजगिरा मापातून पाण्यासारखा पडतो. दांडा ओढला की बरोबर तेवढाच. शेवई मापात अडकते, करकर वाजते, कधी जास्त कधी कमी. म्हणजे प्रत्येक काडतुसासाठी चिमटीने टाकत तराजूवर तोलायची. मी म्हटलं, सरळ आहे, राजगिरा ठेव. माझ्याकडे असं बघितलं की मी भांडी घासायला उठलो.

६ जुलै, रविवार

दिवसभर के. वरच्या छोट्या बॉक्सरूममध्ये. दाराच्या फटीतून बघत होतो, आत यायची परवानगी 'न बोलण्याच्या अटीवर'. टेबलावर एका वेळी एकच डबा. दुसरा खोलीतसुद्धा नाही, जिन्याखालच्या लाकडी पेटीत. आधी पुस्तक उघडून पावडरच्या वजनाचा सगळ्यात खालचा आकडा, तिथून थोडं थोडं वर. भरलेल्या केसेसवर टॉर्च मारून प्रत्येकीत डोकावते, कुठे दोनदा पडली नाही ना. फोन बाहेर. रेडिओ बंद.

आमच्या ऑफिसात सॉफ्टवेअर रिलीजच्या दिवशीसुद्धा कुणी इतकं लक्ष देत नाही. बघत बसावंसं वाटतं.

१२ जुलै, शनिवार

रेंज. ऊन मी म्हणत होतं. के.चा बेत असा: निम्मी काडतुसं उन्हात, निम्मी कूलबॉक्समध्ये बर्फाच्या पिशव्यांवर. माझं काम वेग मोजायच्या यंत्रावरचे आकडे लिहायचं. बंदुकीला हात नाही.

कॉलिन तिथेच. रेंजवरचा सर्वांत जुना सभासद, सत्तरीचा, कुणी विचारो न विचारो सल्ला देणारा. कूलबॉक्स बघून म्हणाला, "पिकनिक, लव्ह?" के. हसली आणि कामाला लागली.

उन्हातला राजगिरा: तीन गोळ्या, कागदावर जवळजवळ एकच भोक. कॉलिनने टोपी काढली. शेवई: तीन भोकं सुटी सुटी, रुपयाच्या नाण्याखाली झाकतील एवढी. बरी, पण त्या एका भोकापुढे काहीच नाही.

मग कूलबॉक्स. थंड राजगिरा इतका मंद गेला की कॉलिनने यंत्र हलवून बघितलं. थंड शेवई उन्हातल्यासारखीच. जवळजवळ काही फरक नाही.

मला तर नाचावंसं वाटलं. सापडला चोर! के. नाही नाचली. गाडीत म्हणाली, "एवढंच कळलं की पावडर मंद होते. त्या दिवशी माझा हात हलला नव्हता हे कुठे कळलं?"

दुसरी कुणी असती तर पावडरवर ढकलून मोकळी झाली असती. मी तर नक्कीच झालो असतो.

१३ जुलै, रविवार

एक भोकवाला कागद मी फ्रिजवर लावला. के.ने काढला. मी परत लावला. सासूबाईंचा सांगलीहून व्हिडिओ कॉल. "अहो मिलिंदराव, ते काय चिकटवलंय, उंदरानं कुरतडल्यासारखं?" म्हटलं तुमच्या मुलीची कर्तबगारी. "तिच्या आजोबांचाही नेम असाच होता, पण ते नारळ पाडायचे हो, हरणं नाही." के. आतून ओरडली, "आई, पुरे!"

कॉलिनचा मेसेज माझ्याकडे आलाय, तिला समजाव म्हणून. राजगिऱ्याचाच ग्रुप बघ, ते एकच भोक, थंडीसाठी थोडी जास्त भर की झालं. तिला वाचून दाखवला. "थंडीसाठी जास्त भरली आणि सकाळ उबदार निघून आतला दाब वाढला तर? रायफल माझ्या गालाला टेकलेली असते, कॉलिनच्या नाही." मग म्हणाली, एखाद्या पेशंटला अफलातून लागू पडणारं औषध तिला नकोय, सगळ्यांना सारखं लागू पडणारं हवंय. ठरलं. शेवई.

१७ ऑगस्ट, रविवार

आज माती खाल्ली. मी.

के. बाजारात गेली होती. नागपूरच्या ग्रुपवर मित्रांना दाखवायला दोन्ही पावडरींचा फोटो हवा होता मला. पेटीतून राजगिऱ्याचा डबा काढून आणला, शेवईचा टेबलावर होताच. झाकणं उघडून, वाट्यांमध्ये थोडी थोडी ओतून, झक्क फोटो. मग गुणी मुलासारखं सगळं परत डब्यांत ओतलं. मापातली उरलेलीसुद्धा. आवरून ठेवलं, वरून टेबलही पुसलं.

आल्यावर कौतुकाने फोटो दाखवला. ती फोटो बघेना, टेबलाकडे बघत राहिली. "कुठल्या वाटीतली कुठे ओतलीस?"

बरोबर ओतली, म्हटलं. खात्री आहे? आहे. शंभर टक्के? ...आता मी इतका वेळ विचारात पडलो की तिथेच उत्तर मिळालं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. दोन्ही डबे उचलून बागेत गेली, आणि गुलाबांच्या मुळाशी पातळ पसरून टाकली सगळी. खत होतं म्हणे. मी मागे मागे, "अगं, अख्खा डबा! दिसतं की वेगवेगळं, निवडून काढू."

"शंका असेल तर औषध देत नाहीत, मिलिंद." एवढंच. मग मला पाण्याची झारी धरायला लावली.

रात्री ईशा: "बाबा, यू हॅड वन जॉब." तोसुद्धा नव्हता खरं तर.

१३ सप्टेंबर, शनिवार

शेवई कुठेच नाही. रीडिंग शहराच्या आसपासची तिन्ही दुकानं झाली, केंब्रिजकडच्या एकाला फोन केला. सगळ्यांचं एकच: येईल, कधी ते सांगता येत नाही. राजगिरा हवा तेवढा आहे, दुकानदार हसून सांगतो.

कॉलिनला माझ्याकडूनच कळलं. आज रेंजवर स्वतःचा शेवईचा डबा घेऊन आला, अर्धा भरलेला. म्हातारा मनाने चांगला आहे. के.ने त्याचा हात हातात घेऊन आभार मानले आणि डबा परत दिला. उघडलेला डबा ती कुणाचाच घेत नाही. कॉलिन मला म्हणाला, "शी इज राइट, यू नो." आणि तोंड पाडून बसला.

मार्गारेटचा फोन. तीन शिकाऱ्यांनी विचारलंय तिला. अजून कुणाला हो म्हटलं नाही.

माझ्यामुळे हे सगळं. के. एकदाही बोलून दाखवत नाही. उलट आज सावजी मसाला काढून माझ्या आवडीचं केलं. ते शेवटचं फ्रीझरमधलं हरणाचं मटण होतं. मी मारत नाही, नुसता खातो. बघायला गेलं तर हेही काही फार भूषणावह नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

शेवई आली! काल दुकानातून फोन, मी तडक गाडी काढली. डबा मांडीवर घेतल्यासारखा शेजारच्या सीटवर, बेल्ट लावून.

के.ने पहिल्यांदा डब्याच्या बुडावरचा नंबर बघितला. वेगळी बॅच. म्हणजे जुलैतली मेहनत बाद, पुन्हा खालच्या आकड्यापासून. मी कपाळाला हात लावला. तिने लावला नाही. "बॅच बदलली की चाल बदलते थोडी. बघायला नको?"

आज घरात खालती मी चिवडा परततोय, वरती ती एकेक काडी तोलतेय. दिवाळी उद्यावर. खमंग वास आणि मधूनच 'कोण आलं वर? चपला काढ, टेबल हलतं.'

१ नोव्हेंबर, शनिवार

सीझन उघडला. के. गेली नाही. अजून तपासायचंय म्हणाली. मार्गारेटला कळवलं. ती म्हणाली, या महिन्याअखेरीपर्यंत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रेंज. बोचरी थंडी, रिमझिम. कूलबॉक्सची गरजच नाही, आख्खं इंग्लंड कूलबॉक्स. शेवई जुलैत होती तशीच. तोच वेग, तोच रुपया.

त्यानंतर के.ने जे केलं ते मी आधी बघितलं नव्हतं. टेबलावरून उठून उभ्याने काठ्यांच्या टेकूवर, गुडघ्यावर, मग पार्किंगपर्यंत पळत जाऊन धापा टाकत. बहुतेक सगळ्या गोळ्या जागच्या जागी. दोन बाहेर. प्रत्येक वेळी कागद बघायच्या आधीच म्हणाली, "ही माझी चूक." कॉलिन म्हणाला, वारा होता. ती म्हणाली, नव्हता.

कॉलिनने निघताना आपल्या पुढच्या ऑर्डरीत शेवई लिहिली. मला दाखवून लिहिली, तिला नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पहाटे निघालो, एम फोर महामार्गावर दोन्ही बाजूंना पांढरं. हवं तसं दंव. के. शेतात गेली, मी मार्गारेटच्या स्वयंपाकघरात. मार्गारेट टोस्ट भाजत म्हणाली की केतकीसारखी शिकार करणारी तिने पाहिली नाही, मारण्यापेक्षा न मारण्याचाच विचार जास्त. मी म्हटलं, घरीही असंच आहे, मी जिवंत आहे अजून. हसलो दोघं, पण कान बाहेर.

गोळीचा आवाज आला नाही. उजाडून ऊन आलं तशी के. चालत आली, गाल लाल.

गाडीत बसल्यावर सांगितलं. मादी आली होती. एकटी, आडवी उभी, मागे गोळी थोपवणारा मातीचा उतार. जानेवारीतल्यापेक्षा जवळ. हात स्थिर होता. बराच वेळ दुर्बिणीच्या काचेतून बघत राहिली. मग गोळी न झाडता सेफ्टी लावली.

"पावडरची शंका आली?"

"एक टक्कासुद्धा नाही. म्हणूनच तर. आता काही चुकलं तर ते फक्त माझं, मिलिंद. आतापर्यंत निदान अर्धं त्या डब्याचं होतं."

मी हीटर वाढवला. थिएल गावाच्या पुढे ट्रॅफिक लागला.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज ईशाने सगळ्यांसाठी पोहे केले, कच्चे शेंगदाणे. तसेच खाल्ले.

मार्गारेटचा मेसेज: शनिवारी येणार का, नसेल तर त्या दुसऱ्यांना हो म्हणते, राग नाही. के.ने मला वाचून दाखवला. मग फोन उलटा ठेवून विचारलं, "तुला काय वाटतं? जावं मी?"

रायफलच्या बाबतीत तिने मला आजवर काहीही विचारलेलं नाही. जुलैपासूनचे आकडे मी लिहिले, आलेख काढले, आणि एक उत्तर देता येईना. मला ती जगातली सगळ्यात भरवशाची माणूस वाटते. हे सांगितलं असतं तर तिच्यावरचं ओझं वाढलंच असतं. आणि नको जाऊस म्हणणारा मी कोण?

म्हटलं, "गेलीस तर गाडी मी काढतो. नाही गेलीस तर मार्गारेटला सांगायला मी बरोबर येतो."

तिने उलटा ठेवलेला फोन सरळ केला. डोळे भरले होते तिचे, माझेही.

"शनिवारपर्यंत वेळ आहे ना?"

आहे, म्हटलं.