केसभर कड
अल खोर, रविवार, १४ मार्च २००४

साहेबांचं जुनं बेसबॉल कार्ड, खेळाडूचं चित्र छापलेलं, ग्रेडिंगला म्हणजे दर्जा ठरवून घ्यायला अमेरिकेत पाठवलेलं, ते आज ग्रेडशिवाय परत आलं. शेरा एवढाच: आकार कमी.

त्यांच्या वडिलांची आठवण ती. पाठवायला माझ्याकडे दिली, तेव्हा एक कड कुरतडल्यासारखी दिसत होती. मला रोज व्हिसाचे फोटो कापायची सवय. ऑफिसच्या कटरवर केसभर कड सरळ करून टाकली. वर खूशही झालो!

साहेब म्हणाले, "जुन्या काळी छापखान्यातच लहान कापायचे. तुझा काय दोष?"

तेव्हाच का नाही बोललो? केसभरच तर होती.

मग साहेबांनी कार्ड माझ्याच हातात ठेवलं. "तूच ठेव. तुझ्याइतकं कोण जपणार?"

खोलीवर आल्यापासून चारदा काढून बघितलं. कड अगदी सरळ आलीय.